खाडीतला बाजार आणि कमळची जागा

...आणि म्हणे प्रवासात प्रेरणा मिळते! मिळते ना, कोण नाही म्हणतंय, पण मिळाली तर ती तिथंच ठेवून यावं की नाही माणसानं? घरी कशाला आणायची? थांबा, तुम्ही आत्ता टेकलात, पहिल्यापासून सांगते. अंजूर गावात होता एक केसरीनाथ, होती त्याची बायको कमळ, खाडीला होडी, दारात शेवगा, सगळं बेस चाललेलं, आणि त्यांच्या पोटी झाला पोरगा, नाव भाविक, आणि तो शिकूनसवरून झाला सल्लागार!

सल्लागार म्हणजे काय, तुम्हाला सांगते, मला अजून उमगलेलं नाही. वडप्याच्या गोदामवाल्यांकडे जायचं, थंडगार खोलीत बसायचं, भिंतीवर चित्रं दाखवायची आणि म्हणायचं, "शेठ, धंदा बदला." धंदा बरा चाललाय? मग तर बदलाच! मुलगी बघायला गेलं की तिचा बाप विचारणार, "पोरगा करतो काय?" केसरीनाथ जमिनीकडे बघून म्हणणार, "सल्ला देतो." "ते झालं हो, पण करतो काय?" ...की चहा पिऊन मंडळी परत!

तर हा गेला काश्मीरला, कुठल्याशा शेठच्या खर्चानं. तिथं तळ्यात होडीला होडी लावून भाजी विकतात म्हणे. ते बघून याला जी प्रेरणा झाली, जी झाली... तिथूनच फोन! "आये, बाजार पाण्यावर आणायचा! आपली खाडी, आपली होडी, ठाण्याचं गिऱ्हाईक! तू त्या ओट्यावर बसून अडकलीस गं!"

आता तो ओटा म्हणजे काय, ते ऐका. निजामपुऱ्याच्या मच्छीबाजारात कमळची जागा. कोपऱ्यातली, वर पत्रा, पाठ टेकायला भिंत. कमळला ती सासूनं दिली, सासूला तिच्या सासूनं. रीतच तशी, जागा विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, सासूकडून सुनेकडं. आणि कुणाला खुशीनं दिलीच, तर मासे विकणाऱ्या बायांच्या अख्ख्या ओळीदेखत नारळ फोडून द्यायची, मग ती परत मागायची नाही, घेणारीनं परत द्यायचीही नाही. आणि कमळनं काय करावं? शेजारी आक्का बसायची, तिची लेक रुचिका उन्हात उभी राहून कोलंबीचे वाटे लावायची. कमळनं नारळ फोडला आणि तिला म्हणाली, "बस गं बाय." का दिली? अहो, आपल्या पोराचा सल्ला जगात कुणीतरी एकदा मनापासून ऐकावा म्हणून! आई ती.

आला रविवार. ठाण्याची मंडळी आली, पांढरेशुभ्र कपडे, काळे चष्मे. केसरीनाथानं एकदा विचारलं, "पोरा, पाणी बघितलंस का?" तर हा म्हणतो, "बाबा, मी गिऱ्हाईक बघितलंय. त्यांना दहाची वेळ सोयीची." दहाची! अहो, काश्मीरचं ते तळं, त्याला कुठली भरती नि कुठली ओहोटी? आणि ही आमची खाडी, ती कुणाची सोय बघते? पाणी कधी चढतं, कधी उतरतं, हे अंजूरचं शेंबडं पोर सांगेल, आणि हा त्याच खाडीत पोहायला शिकलेला! पण तोंडात सोय, डोक्यात काश्मीर. केसरीनाथाला वाटलं, शिकलेला हाय, काहीतरी योजलं असेल. साऱ्या गावाला तेच वाटलं. कोण बोलणार?

होड्या गेल्या मधोमध, कमळनं पहिला वाटा मांडला, आणि पाणी निघालं की हो! बघता बघता सगळा बाजार चिखलात. एक साहेब म्हणाले, "मी चालत जातो," आणि गुडघ्यापर्यंत गेले, पाय निघाला, बूट खाडीनं ठेवून घेतला. आजूबाजूला निवट्या, चिखलातले ते मासे, उड्या मारतायत. एक बाई किंचाळते, "हे चावतात का?" दुसरी म्हणते, "मासे नकोत, आम्हाला उतरवा!" बर्फ वितळला, पाटीतली बोय मासळी मऊ पडली, उन्हाचा नुसता कहर. आणि भाविक? होडीत उभा, हात जोडून, "दोन मिनिटं... फक्त दोन मिनिटं..." पाणी परत आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

आणि कमळ काय बोलली? काय न्हाय! सगळे मासे खाडीत सोडले, पाटी धुतली, घरी गेली.

शिव्या दिल्या असत्या तर पोरगा सुटला असता हो! पण ती पहाटे सवयीनं उठायची, पदर खोचायची, पाटी काढायची, मग आठवायचं, की पाटी परत ठेवून उंबऱ्यावर बसायची. भाविक आतून बघायचा. नवा मिक्सर आणला. कमळ काय बोलली? काय न्हाय! वज्रेश्वरीला नेलं, देवीसमोर उभी केली. तिथंही काय न्हाय! सल्ला मागायला शेठचे फोन यायचे, हा उचलायचा नाही. त्याला वाटायचं, तोंड उघडलं की कुणाचीतरी जागा जाते.

मग रोज बाजारात जायला लागला. आईच्या जागेवर रुचिका, हा समोर उभा. यंत्रमागवाले जुने गिऱ्हाईक विचारायचे, "कमल मौसी किधर है भाई? तबीयत तो ठीक है?" हा मासा घ्यायचा आणि मान खाली घालून पळायचा.

शेवटी एक दिवस सगळ्या बायांदेखत आक्काच्या पुढ्यात बसला. "आक्का, चूक माझी हाय. आयेची जागा परत दे. पाया पडतो."

"नारळ फुटला ना रं? आता जोडतोस का?" आक्का कोयत्याला धार लावत म्हणाली. "मी दिली म्हणाले तरी ही ओळ देईल का? जागा सासूकडून सुनेकडं जाते. दुसरा रस्ता न्हाय."

आणि रुचिका, खवले काढता काढता, मानसुद्धा वर न करता म्हणते, "मग मी ह्याच्या घरची सून झाले, तर जागा कुणाच्या घरची?"

अहो, सगळे कोयते थांबले! आक्काचं तोंड उघडंच. "अगं भवाने, हा सल्लागार हाय!"

"असू दे. रोज येतो, भाव करत न्हाय, आणि निवडून सगळ्यात पडेल मासा घेतो, चांगला मला विकता यावा म्हणून. त्याला वाटतं मला कळत न्हाय." मग त्याच्याकडे बघून, "पण एक ऐक. मागितल्याबिगर सल्ला द्यायचा न्हाय. आणि मी मागणार न्हाय!"

धावत घरी आला, धापा टाकत सगळं सांगितलं. कमळ हसली! किती दिवसांनी! हा रडवेला होऊन विचारतो, "आये, इतके दिवस एक शब्द बोलली न्हायस गं, इतकी रागावलीस?"

"राग कसला रं? मी बोलले असते तर तू परत सल्ला दिला असतास."

लग्न दणक्यात झालं. जागा घरात आली, सून ओट्यावर, सासू तिच्या शेजारी, यंत्रमागवाले दोघींशी गप्पा मारतात, आणि लक्ष्मी म्हणतात ती अशीच पाटी घेऊन येते. राहिला प्रश्न, नवरानवरीनं फिरायला कुठं जायचं? केसरीनाथ म्हणाला, "कुठं बी जा, पण नवीन काय बघू नका!" म्हणून बापडी टिटवाळ्याला गणपतीच्या पाया पडून आली. तर तुम्हाला सांगते, येताना रिक्षात हा एकाएकी गप्प झाला, बाहेर टक लावून बघायला लागला, डोळ्यांत ती चमक... रुचिकानं काय करावं? दोन्ही हातांनी त्याचे डोळे झाकले, आणि तसाच अंजूरपर्यंत आणला. आता बाहेर निघताना ती पदर जरा लांबच ठेवते, वेळ आली तर त्याच्या डोळ्यांवर धरायला. चाललंय सुखात!