कॉकटीलचा श्रावण

तुम्ही डाएटचं काढलंत म्हणून आमच्या शेलार गावच्या आत्याचा पक्षी आठवला. दोन हजार सहा-सातची गोष्ट. तिचा तुरेवाला कॉकटील पोपट इतका जाड झाला की दांडीवर चढताना धापा टाकायचा. भिवंडीत एक डॉक्टर पक्ष्यांचंच शिकून आला होता, त्याच्याकडे मी दोघांना नेलं.

"लिव्हरला चरबी धरलीय," तो म्हणाला. "सूर्यफुलाच्या बिया बंद. खाण्यावर ताबा ठेवा."

महिन्याभराने परत गेलो, तर वजन वाढलेलं.

"देता काय याला?"

"काय न्हाय ओ. श्रावणाचे उपास धरलेत त्यानं, माझ्यासंगं."

"उपाशी ठेवता?"

"मुक्या जिवाला उपाशी ठेवीन का मी? साबुदाण्याची खिचडी देते, दाण्याचा लाडू, बटाट्याचा कीस. बियांना मात्र चोच लावू देत न्हाय."

डॉक्टरने चष्मा काढून पुसला. "आत्या, आजपासून मोडाचे मूग आणि पालक. उपास मोडला नाही, तर हा जगायचा नाही."

आत्याने पिंजरा त्याच्यापुढे सरकवला.

"मग पहिला घास तुम्हीच भरवा. पाप तुमच्या माथी."

डॉक्टर समोरच्या भाजीवालीकडे पालक आणायला गेला.