कपाटाची किल्ली

मंठ्याच्या एका शाळेत, कचेरीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी उषाबाई आणि त्यांचा दहावीतला मच्छिंद्र बसले होते.

“कावीळ झाल्ती म्हणायचं. दारू सोडवायला दवाखान्यात ठिवलं होतं, हे बिलकुल बोलू नको.”

“आई, खोटं कशाला?”

“मंग शाळेत घेतील का तुला?”

विज्ञानाचे सर आले. “मच्छिंद्र! इतके दिवस कुठं होतास?”

“कावीळ झाल्ती त्याला, सर. आता बराबर हाय.”

“मग ही घे प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली. स्पिरिटचे दिवे तूच भरायचास ना?”

“घे की रे! सर देऊन राह्यले.”

“किल्ली नको, सर. कावीळ न्हवती. पहिला घोट त्याच कपाटातला होता.”

“मच्छिंद्रा!”

“ओरडू नका, बाई. उद्या वर्गात ये, मच्छिंद्र. किल्ली माझ्याकडंच राहील.”