बटाटा वर्ज्य

— तो वास ना? कोबीची पानं शिजतायत, सेलेरीच्या गड्ड्याबरोबर. ओल्या कुत्र्याला वाफ दिल्यासारखा वास येतो, खिडकी उघडू का? बसा सिस्टर, आजी वर कपडे बदलतेय, येईलच. बिस्कीट एकच मिळेल, एक दिलं की डबा बंद, या घरात तसंच असतं. — हां, काय विचारत होतात, स्वयंपाक कोण करतं? आजीच. सगळं आजीच करते. मी कुठे राहतो इथे, सहज डोकावलोय. ती या घरात एकटी राहू शकते का, तेच बघायला आलात ना? राहू शकते. तसंच कळवा. संधिवात काय, या गावात चिखलासारखा सगळ्यांनाच आहे.

आणि पथ्य चालूय ना त्यावर. आमच्या तीर्थरूपांनी उट्रेख्तला बसून फोनवरून लावून दिलंय — बटाटा बंद, टोमॅटो बंद, डुक्कर बंद. इथल्या, ग्रोनिंगनच्या बाईला बटाटा बंद, सिस्टर. जन्मभर बटाट्यात कोबी कुस्करून वर सॉसेज ठेवून खाल्लं तिनं. वर अट काय, तर ट्यूलिप फुलेपर्यंत बोटं सुधारली नाहीत तर घर विकायचं आणि आईची रवानगी वृद्धाश्रमात. स्वतः जन्मात गाजर सोललेलं नाही. रविवारी येतो, तिच्या ताटातल्या लगद्याकडे बघून ‘वा, पौष्टिक’ म्हणतो, आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात स्टेशनवरच्या फ्राइजचं मेयोनेज असतं. पुसून तरी यावं माणसानं.

किळस येते हो. तो सेलेरीचा गड्डा बघितलाय कधी, आख्खा? जमिनीतून उकरून काढलेलं मुंडकं, दाढीसकट. सुरी आत जात नाही, सगळा भार टाकावा लागतो, मग फोडी, मग पथ्यातली ती हळद — ओटा पिवळा, फडकं पिवळं, ही बघा माझी नखं पिवळी — म्हणजे, मदत करतो मी. कधीतरी. अहो, सुरी कसली धरतेय ती, साधा चमचा ठरत नाही हातात, दांड्याला सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळून दिलीय तेव्हा कुठे घास तोंडापर्यंत जातो. बरं, लगदा मी चाखतो ना, थुंकावासा वाटतो, आणि ही चाटूनपुसून खाते आणि म्हणते, ‘मस्त झालंय रे, दुखणं पण उतरलं.’ खोटारडी. किटली दोन मनगटांत दाबून उचलते, मी दारातून बघितलंय. उतरलं म्हणे. एक म्हातारी खोटं बोलते, तिचा म्हातारा होत आलेला मुलगा ते खुशाल मानतो, आणि मी हिवाळाभर खुळ्यासारखा —

कॉफी का ठेवलीत खाली? — कॉलेज? सोडलं. तिच्यासाठी नाही, कॉलेजच भिकार होतं.

तो आवाज? काही नाही. सपात पडली असेल वर. — हो, परत वाजली. ती मुद्दाम आपटते. मला बोलवायला. — स्वेटरची बटणं लावायला, दुसरं काय. वरची दोनच — नाही. सगळीच.

आलो गं, आजी.

तुम्ही नका येऊ, सिस्टर. खरंच, बसा इथेच. तुम्ही दिसलात, की ती स्वतःच लावून दाखवायला जाईल.