पिवळी भिंत

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक रंगारी आणि त्याची बायको बसले होते. तिच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता आणि आज रिपोर्ट मिळणार होता.

"स्वयंपाकघर का रंगवलंत?"

"रंगारी आहे मी. दुसरं काय करणार?"

"लग्न झाल्यापासून मागे लागलेय. गावभरच्या भिंती रंगवल्यात, आपल्याकडे पोपडे. आणि परवा मी तपासणीहून घरी येते, तर भिंत पिवळी."

"तुलाच पिवळा हवा होता ना?"

"हवा होता, म्हणून तर घाबरले. डॉक्टर तुम्हाला एकट्याला काही बोलले का?"

"नाही गं. तुझ्यासमोर बोलले तेवढंच."

"काल भाजी खारट झाली होती. गुपचूप खाल्लीत."

"भूक लागली होती."

"एरवी चिमूटभर मीठ जास्त पडलं तर ताट सरकवता. अहो, असं गोड वागू नका. मला धडकी भरते."

"मग काय करू?"

"भांडा माझ्याशी."

"कशावरून?"

"इतक्या वर्षांत हे कधी विचारावं लागलं नाही तुम्हाला."

 खिडकीतून तिचं नाव पुकारलं गेलं. दोघं उठल्याचा आवाज आला.

"अगं, पिशवी. लक्ष कुठे असतं तुझं? दर वेळी मीच उचलायची का?"

"पिशवी माझ्या खांद्यालाच आहे."

"असू दे. एरवी विसरतेसच की."

"हं. आत जाईपर्यंत असंच बोलत राहा."