टायटॅनियमच्या सायकलीले लोखंडी स्टँड

एवढ्या महागाच्या सायकलीले हे लोखंडी स्टँड काहून, म्हणून हसून राहिले ना? ऐका मंग.

टायटॅनियमची फ्रेम मी माप देऊन बनवून घेतली. सीट, हँडल, पॅडल, एकेक पार्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून निवडला. बायको म्हणे, "लग्नाच्या वेळी मलेही इतकं पाहिलं नव्हतं तुम्ही."

सायकल जोडली नागपूरच्या महाल भागात सायकलीचं दुकान असलेल्या वासुदेवकाकांनी. आमच्या बाबांच्या सायकलीचं पंक्चरही तेच काढत. काम झाल्यावर त्यांनी ती एका हातानं उचलून पाहिली.

"हलकी आहे गा. स्टँड कोणतं लावू?"

"स्टँड नाही लावाचं काका, वजन वाढते."

आम्ही समोरच्या टपरीवर चहाले गेलो. तिथं सायकल टेकवाले भिंत नव्हती, अन् आडवी ठेवली तर ओरखडे पडतीन. काका बाकावर ऐसपैस बसले. मी एका हातात सायकल अन् दुसऱ्या हातात चहा घेऊन उभा. बिस्कीट समोर होतं, पण ते बुडवाले तिसरा हात कुठून आणू?

काकांनी चहा संपवला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणाले, "स्टँड तर लागलंच ना गा. फक्त ऐंशी किलोचं लागलं."