चौथीचा वर्ग माडीवरून खाली

आदरणीय अध्यक्ष बसवंतप्पा अण्णा, आज निवृत्त होणारे आमचे मुख्याध्यापक ज्ञानोबा सर, त्यांच्या जागी आलेले महेशकुमार सर, आणि तुरीची रास टाकून आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. तरी एका प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. चौथीतल्या मंजुश्रीनं विचारलं होतं, "बाई, माजी सुट्टी कवा संपायची?"

मंजुश्रीला चालता येत नाही. तिसरीपर्यंत तिची आजी सोजराबाई तिला कडेवर आणून वर्गात बसवायची. चौथीचा वर्ग माडीवर, बावीस पायऱ्या. मग मीच तिचं नाव घरी शिकवायच्या मुलांच्या यादीत घातलं. शनिवारी तासभर तिच्या घरी जायचं आणि आठवडाभर हजेरीत 'हजर' लिहायचं. ज्ञानोबा सरांनी माझं कौतुक केलं. खरं सांगते, मला ते आवडलंही.

पोर मात्र रोज दप्तर भरून ओट्यावर बसायची. एका शनिवारी सोजराबाईनं मला दारातच अडवलं. "तुमी लिवलाव, पोरगी शाळेत हाय म्हून. मग माज्या वट्यावर रोज कोण बसायलंय वो?"

सांगा, मंजुश्रीला शाळेतून कुणी हाकललं होतं का? कुणीच नाही. तरी ती बाहेरच होती, आणि माझ्या अक्षरात.

मी सरांकडे गेले. खाली तिसरीपर्यंतचे वर्ग सोडले तर जागा एकच, कार्यालयाची. "सर, कार्यालय वर नेऊ," म्हटलं. सर हसले. "बाई, माझे गुडघे बघितलाव का? रोज कोण चढायचं?"

"सर, तुमाला चढता तरी येतंय."

 तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "माझं चुकायलंय. गावाला मी सांगतो, सामान तुमी हलवा." आज सगळे सरांच्या शिस्तीबद्दल बोलले. मला त्यांचं हे वाक्य जास्त मोठं वाटतं.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर गावची लेक म्हणून पोटात घाला. महेशकुमार सर, तुमची माफी वेगळी मागते. पदभाराची सही करायला तुम्हाला माडीवर जावं लागेल. टेबल, कपाट, घड्याळ, सगळं आम्ही काल शाळा सुटल्यावर वर नेलं. आज सकाळी चौथीचा वर्ग खाली भरला आहे.