ठकीला लांडगा ठरवल्याबाबत

नाव : आत्या. (शूटिंगवर आणि गल्लीत याच नावाने ओळखतात. घरी ताई.)
वय : ५८ वर्षे.
धंदा : सिनेमासाठी कुत्री पाळणे व शिकवणे.
राहणार : लॉन्ड्रीच्या मागची तळमजल्याची खोली, मागे अंगण. सोबत धाकटी बहीण व कुत्री.

मी कुणी न बोलावता आपल्या पायांनी ठाण्यात आले आहे आणि समोर बसून सांगते की, आज सकाळी लांडगा म्हणून जे जनावर जाळ्यात घालून नेलं, ते लांडगा नाही. ती माझी कुत्री ठकी आहे. तिला प्राणिसंग्रहालयात लांडग्यांच्या शेजारच्या कोठडीत ठेवलं आहे. संध्याकाळी पाचला मांस टाकतात, तेव्हा मधला लोखंडी दरवाजा वर उचलून तिला त्यांच्यात सोडणार आहेत. ते लांडगे मात्र खरे आहेत. म्हणून माझं म्हणणं असं की जबाब मागाहून घ्या, आधी गाडी काढा. साहेब म्हणाले, जबाबाशिवाय गाडी हलत नाही. ठीक आहे, सांगते. हवालदारांनी जरा हात चालवावा.

विचारल्यावरून सांगते की, ठकी नऊ वर्षांची आहे. आई गल्लीतली, बाप कोण ते आईलाच ठाऊक. उंच, लांब पायांची, मुळात मातकट रंगाची. मी तिच्या पाठीवर केसांचा काळा रंग लावते, तोंडाभोवती राखाडी, कानांच्या कडा गडद. माणसं डोक्याला लावतात तोच रंग. आजवर ती तीन पिक्चरमध्ये लांडगा झाली, एकात तरस आणि एकदा, दिग्दर्शकाचं डोकं फिरलं होतं म्हणून, अस्वलाचं पिल्लू. पडद्यावर दिसतात ते सुळे नंतर कॉम्प्युटरवर लावतात. गुरगुरतो तो रेकॉर्डिंगवाला. चांगला गलेलठ्ठ माणूस आहे, माइकसमोर उभा राहून स्वतः गुरगुरतो आणि मग चहा मागतो. ठकीला गुरगुरता येत नाही. घरात मिक्सर लावला की ती पलंगाखाली जाते आणि मिक्सर बंद झाला तरी बराच वेळ बाहेर येत नाही. असला हा तुमचा लांडगा.

हवालदार, मला इथून दिसतंय, तुम्ही 'सदर लांडगा' असं लिहिलंत. खोडा ते. माझ्यासमोर खोडा.

झुंजीचा सीन कसा घेतात असं विचारल्यावरून सांगते की, हिरोच्या कोटाच्या कॉलरला आतून एक खिसा शिवलेला असतो. त्यात लाल रबरी चेंडू ठेवायचा. त्या चेंडूवर ठकीचा भारी जीव. ती उडी मारते, हिरोच्या छातीवर पाय देते, कॉलरमध्ये तोंड खुपसते आणि चेंडू ओढत बसते. हिरो ओरडतो, गडबडा लोळतो. लोकांना वाटतं, लांडगा गळा फोडतोय. इकडे ठकीची शेपूट आनंदाने नुसती फिरत असते, म्हणून ती मी काळ्या दोऱ्याने मागच्या पायाला अलगद बांधते. एवढीच काय ती झुंज. पोस्टरवर मात्र हातहातभर अक्षरं, 'खऱ्या लांडग्याशी खरी झुंज'. ते पोस्टर पाहून मी आणि बहीण पोट धरून हसलो होतो. आता दात विचकायची सोय राहिली नाही.

आज सकाळी थिएटरच्या हॉलमध्ये पत्रकारांना बोलावलं होतं. हिरोच्या मॅनेजरने ठकीला आणायला सांगितलं. मी तिला पट्टा घालून नेलं, तर म्हणाला, "आत्या, पट्टा काढा. पट्टा दिसला तर पाळीव वाटेल." मी म्हटलं, "पाळीवच आहे." तो म्हणाला, "ते तुम्हाला आणि मला माहीत." मग मला म्हणाला, "तुम्ही पडद्यामागे थांबा. लांडग्याशेजारी चप्पल घातलेली बाई बरी दिसत नाही." त्याच क्षणी ठकीला उचलून घरी जायला हवं होतं. नाही गेले. तिला म्हटलं, बस, आणि मी पडद्यामागे गेले. ती स्टेजवर एकटी, अगदी शहाण्यासारखी बसून राहिली. पत्रकार फोटो काढत होते आणि ती जांभया देत होती.

तेवढ्यात हिरो आला, तो पिक्चरमधलाच कोट घालून. ड्रेसवाल्यांची एक रीत असते. पिक्चर लागेपर्यंत कपडे जसे शेवटच्या शॉटला होते तसेच ठेवायचे. बटण तुटलेलं असेल तर तुटलेलं, चिखल असेल तर चिखलासकट. एखादा सीन पुन्हा घ्यावा लागला तर फरक दिसायला नको म्हणून. त्या रीतीपायी कॉलरमधला चेंडूही तसाच राहिला. कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. ठकीच्या नाकाला मात्र बरोबर कळलं. आला माझा चेंडू, असं म्हणून तिने घेतली उडी. यात तिचं काय चुकलं ते कुणीतरी मला समजावून सांगावं.

खरं तर हिरोने शूटिंगमध्ये हीच उडी वीसेक वेळा झेलली आहे. पण समोर एवढी माणसं पाहून गडी बावचळला. मागे सरकला, स्टेजची कड संपली आणि खुर्च्यांवर जाऊन आदळला. मनगटाचं हाड मोडलं ते पडून मोडलं. त्याच्या अंगावर दाताचा एक ओरखडा सापडला तर मला फासावर चढवा. तो ओरडला, "लांडगा! लांडगा!" मग काय, सुरक्षेची दोन माणसं खुर्ची घेऊन तिला मारायला धावली. मी पडदा फाडून बाहेर आले आणि तिच्या अंगावर पालथी पडले. एक दणका माझ्या खांद्यात बसला. दुसरा तिला बसला. ती ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. खांद्याबद्दल माझी तक्रार नाही, ते लिहू नका.

त्या गडबडीत मॅनेजरने माइक हातात घेतला आणि काय म्हणाला ऐका. "घाबरू नका, आपल्या हिरोने लांडग्याला आवरलं आहे." हिरो खुर्च्यांखाली आई गं, आई गं करतोय, आणि हा असं बोलतोय! प्राणी पकडणारी गाडी बोलावली तीही त्यानेच. मी कानीकपाळी ओरडून सांगत होते की ही कुत्री आहे. गाडीवाले पोस्टरकडे बघायचे, ठकीकडे बघायचे आणि म्हणायचे, दिसतोय तर लांडगाच. माझा रंग इतका पक्का निघाला की माझंच काम माझ्या मुळावर आलं. प्राणिसंग्रहालयातही तेच. डॉक्टर बाहेरगावी. रखवालदार म्हणतो, कागदावर लांडगा आहे, म्हणजे लांडग्यात जाणार, वेगळी कोठडी उद्या दुसऱ्या जनावराला लागते. मी कोठडीजवळ जाऊन तिला हाक मारते म्हटलं, तर फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही.

तिथून मी दवाखान्यात गेले. या हिरोबद्दल मला राग नव्हता. शूटिंगला तो ठकीला आपल्यातलं अर्धं बिस्कीट द्यायचा. "ठके, पाय दे," म्हणायचा आणि ती द्यायची. मी त्याला म्हटलं, "दादा, फक्त एक फोन करा. ती कुत्री आहे एवढंच सांगा. तुमचं लोक ऐकतील." त्याने मॅनेजरकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्या, शुक्रवारी पिक्चर लागतोय. तेवढं होऊ दे ना. मग मी स्वतः सोडवून आणतो." मी म्हटलं, "शुक्रवारी काय आणणार? पट्टा?" त्याने चादर छातीपर्यंत ओढून घेतली. लाज वाटली असेल म्हणावं, तर तीही दिसली नाही. मॅनेजर म्हणाला, आत्या, पेशंटला त्रास होतोय, निघा आता. बिस्कीट खाऊ घालणारा हात तो हाच, प्लास्टरमध्ये ठेवलेला. माझ्या तोंडून वाईट शब्द गेले. ते शब्द मी परत घेत नाही, आणि इथे लिहायचे असतील तर खुशाल लिहा.

साहेबांनी समज दिली की, "जनावर लांडगा असेल तर घरात बाळगल्याबद्दल तुम्ही आत जाल. कुत्री असेल तर माणसाला जखमी केल्याबद्दल तुमच्यावर केस होईल. विचार करून बोला." मी विचार करून बोलते. दोन्ही केस लावा. मला इथल्या कोठडीत ठेवा, मी हूं की चूं करणार नाही. पण तिला आधी त्या कोठडीतून काढा.

पुरावा काय, असं विचारल्यावरून मी म्हटलं, पुरावा तुमच्याच टेबलावर आहे. लांडग्याने फाडला म्हणून मॅनेजरने जमा केलेला कोट इथे पुड्यात पडलाय. सकाळपासून पडलाय आणि कुणी हात लावला नाही. त्यावर साहेबांनी पुडा फोडायला सांगितलं. कॉलर आतून चाचपली. खिसा निघाला, खिशातून लाल रबरी चेंडू निघाला, चावून चावून खडबडीत झालेला. साहेबांनी तो हातात फिरवून पाहिला. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "एवढ्यासाठी?" मी म्हटलं, "हो, एवढ्यासाठी. तिला दुसरं काही नको असतं." साहेबांनी प्राणिसंग्रहालयात दोनदा फोन लावला. कुणी उचलला नाही.

आत्ता, हे सांगत असताना, बहिणीचा फोन आला. ती दुपारपासून तिथल्या फाटकाशी उभी आहे. म्हणाली, "ताई, मांसाची गाडी आत गेली. लवकर ये गं." एवढंच बोलून ती रडायला लागली. मी साहेबांना तसं सांगितलं. साहेब उठले आहेत. गाडीची किल्ली त्यांच्या हातात आहे. हवालदार म्हणतात, अजून जबाब पहिल्यापासून वाचून दाखवायचा आहे, बरोबर आहे असं तुमच्याकडून ऐकायचं आहे, मगच पुरा होतो. अहो, तुम्ही माणूस आहात की कोण? वाचून दाखवायचं ते रात्रभर दाखवा, मी बसून ऐकते. चुकलं असेल तर चुकू दे. सही कुठे करायची तिथे बोट ठेवा.

(सही)

लिहून घेणाऱ्याची नोंद : वरील जबाब सांगणाऱ्या बाईंना वाचून दाखवता आला नाही. सही करून त्या पळत गेल्या आणि सुरू झालेल्या गाडीत चढल्या. गाडी साहेब स्वतः चालवत होते. ते गेल्यावर मी एकट्यानेच सगळा जबाब मोठ्याने वाचला. बरोबर आहे.